सातव्या आणि आठव्या खिडकीच्या मध्ये

१

विमान ओळखायचं असेल तर आधी शेपटी बघावी. मग इंजिनं मोजावीत, मग चाकं, मग खिडक्या आणि दारं. माणसं मात्र मुळीच बघू नयेत. माणसं बघितली की डोळा भरकटतो. कोण हसतंय, कोणाची टोपी वाऱ्याने उडाली, कोणाच्या कडेवरचं पोर रडतंय, हे बघता बघता शेपटी राहून जाते. म्हणून शेपटीवाल्यांच्या सदऱ्याच्या खिशात पोस्टकार्डाएवढा काळा पुठ्ठा कायम असायचा. फोटो हातात आला की पुठ्ठा काढायचा, माणसं झाकायची आणि मगच भिंग लावायचं. एकतीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं, आणि शेपटीवाले हे नाव त्यांना कचेरीने त्यावरूनच दिलं होतं.

कचेरी म्हणजे विमानांच्या फोटोंचा संग्रह. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, तीन खोल्या, भिंतींना लागून लोखंडी कपाटं आणि त्यांत दोन लाखांवर फोटो. कुठल्यातरी घरातला विमानवेडा माणूस वारला की त्याच्या घरचे लोक खोकी आणून टाकत आणि हात झटकून निघून जात. त्या खोक्यांतल्या प्रत्येक फोटोमागे विमानाचं नाव लिहिणं हे शेपटीवाल्यांचं काम. एकदा त्यांनी चहाच्या किटलीवर पडलेलं प्रतिबिंब बघून विमान ओळखलं होतं. ते बरोबर निघालं, आणि ती गोष्ट नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकावी लागे.

ओळख लिहायच्या फॉर्मवर खाली दोन चौकोन होते. एक 'ओळख पक्की', दुसरा 'ओळख संभाव्य'. दुसऱ्या चौकोनात शेपटीवाल्यांनी जन्मात कधी खूण केली नव्हती. त्यांना या गोष्टीचा अभिमान होता आणि तो लपवायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. बायको म्हणायची, "घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, ढगातलं विमान बरं सापडतं."

लेक मात्र बापाच्या बाजूची. लहानपणी गोलमटोल होती म्हणून तिला ते ठमी म्हणत. रविवारी तिला खांद्यावर बसवून ते विमानतळाच्या गच्चीवर न्यायचे. विमान उतरलं की ठमी त्यांचे केस धरून विचारायची, "कोणतं?" आणि वर अट घालायची, "नाव सांगा, मग उतरते." नाव सांगितल्याशिवाय ती खरोखरच खांद्यावरून उतरायची नाही. आता ती पूल बांधणारी इंजिनियर झाली होती, गावोगाव फिरायची, पण विमानात चढण्याआधी त्याचा फोटो बापाला धाडायचा नेम तिने सोडला नव्हता. फोटोखाली एकच शब्द असायचा, 'ओळखा'. शेपटीवाले उत्तर पाठवायचे. विमानाचं नाव, आणि त्यापुढे 'ओळख पक्की'. ते एकदाही चुकले नव्हते.

२

म्हणजे, एकदा सोडून. ते एकदा कुठल्या कुत्र्यालाही माहीत नव्हतं.

संग्रहात 'अनोळखी' नावाचा एक खण होता. ज्यांची ओळख पटली नाही ते फोटो त्यात पडत. शेपटीवाले नोकरीला लागले तेव्हा त्यात चारशे फोटो होते. बारा वर्षांत त्यांनी तो खण रिकामा करत आणला. शेवटी एकच फोटो उरला. ढगांच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, बस. ना शेपटी दिसे ना चाकं. आणि त्याच दुपारी तेव्हाचे साहेब चार पाहुण्यांना रिकामा खण दाखवायला येणार होते.

आता एक कारखाना असा होता, की तो कधीच बंद पडला होता आणि त्याचे सगळे कागद आगीत गेले होते. त्याच्या विमानांची इंजिनं चिरकी शीळ घालायची, म्हणून धंद्यातले लोक त्यांना टिटवी म्हणत. टिटवी-चार होती, पाच होती, सात होती. सहाबद्दल कोणालाच धड काही सांगता येत नव्हतं. शेपटीवाल्यांना मात्र माहीत होतं, कारण त्या कारखान्यातला एक म्हातारा मिस्तरी त्यांना मरायच्या आधी भेटला होता. "सहा आम्ही बांधलीच नाही. आराखडा झाला आणि तिथेच फाडून टाकला," तो म्हणाला होता.

साहेबांच्या पायांचा आवाज जिन्यात आला तेव्हा शेपटीवाल्यांनी फॉर्मवर लिहिलं, टिटवी-सहा. फॉर्मला तीन खुणा लागत. त्यांनी मनानेच तीन खुणा ठोकून दिल्या. तीन इंजिनं, त्यातलं एक शेपटीत. डाव्या अंगाला सातव्या आणि आठव्या खिडकीच्या मध्ये एक खिडकी नाही, नुसता पत्रा. पुढच्या दाराची बिजागरी मागच्या कडेला. मग त्यांनी 'ओळख पक्की'वर खूण केली आणि सही ठोकली. पाहुण्यांनी रिकाम्या खणात डोकावून टाळ्या वाजवल्या. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती.

चूक सुधारायची सोय होती. गुलाबी चिठ्ठी भरायची, संग्रहप्रमुखांनी तिच्यावर सही केली की नोंद रद्द. विमान पुन्हा अनोळखी व्हायचं, किंवा मुळात नव्हतंच असं ठरायचं. शेपटीवाल्यांच्या नावावर एकही गुलाबी चिठ्ठी नव्हती, आणि तो आकडा त्यांना जिवापाड जपायचा होता.

३

खोकं आलं ते मंगळवारी, दुपारच्या डब्यानंतर. एका वारलेल्या फोटोग्राफरच्या पत्नीने पाठवलेलं. सगळे फोटो चाळीस वर्षांपूर्वीचे. शेजारच्या खोलीत स्कॅनवाला आपल्या यंत्रासमोर बसला होता. हा चाळिशीचा, गप्पिष्ट माणूस, आणि त्याचं यंत्र दर दीड मिनिटाने घशात खाकरल्यासारखा आवाज करायचं. शेपटीवाल्यांनी एक फोटो उचलला. आगीचा बंब, त्याच्यापुढे ऐटीत उभे राहिलेले सहा लोक. पुठ्ठ्याने त्यांनी ते सहा लोक झाकले. मागे धावपट्टीवर एक विमान उभं होतं.

शेपटीत इंजिन. पंखांखाली दोन. टिटवी-सात, असं म्हणून त्यांनी पेन्सिल उचललीसुद्धा. मग सवयीने खिडक्या मोजल्या. सात मोजल्यावर भिंग पुढे सरकलं आणि तिथे काही नव्हतं. नुसता पत्रा, एका खिडकीच्या रुंदीचा. त्यापुढे आठवी खिडकी.

त्यांनी शेपटीकडून उलटं मोजलं. मग एक डोळा मिटून मोजलं. चष्मा पुसला. निगेटिव्हवर घाण असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकी फुटली असेल आणि कोणी तात्पुरता पत्रा ठोकला असेल. उन्हाची तिरीप असेल. कारणं काय, हवी तितकी सापडतात.

"जरा हे साफ करून मोठं काढून दे रे," ते स्कॅनवाल्याला म्हणाले.

यंत्र खाकरलं. पडद्यावर विमान वर सरकत आलं. पत्रा स्वच्छ होता, त्यावर ना जोड होता ना खिळे. तिथे खिडकी कधी नव्हतीच.

"अहो काका," स्कॅनवाला खुर्ची वळवून म्हणाला, "ही तर तुमची सहा. फॉर्मवर लिहिलंय ना तुम्ही, सातवी-आठवीच्या मध्ये पत्रा? तुमची आणखी एक सापडली की."

शेपटीवाले हसले. बोटं गार पडली होती, ती त्यांनी खिशात घातली.

४

पुढच्या तीन आठवड्यांत आणखी चार सापडल्या. चार वेगळ्या घरांतून आलेल्या, चार वेगळ्या फोटोग्राफरांच्या, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नवी यांच्यात तीस वर्षांचं अंतर. पहिल्या फोटोत विमान दूर होतं. दुसऱ्यात जरा जवळ. पाचव्या फोटोत ते अख्खा कागद भरून उभं होतं.

भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर शेपटीवाल्यांना त्याहून जास्त अभिमान वाटला. म्हातारा मिस्तरी बरळला असेल. विसरला असेल. विमान होतंच, आणि तांदळाएवढ्या ठिपक्यावरून आपण ते ओळखलं. जे डोक्याला कळलं नाही ते हाताला कळलं. आता ही गोष्ट किटलीच्या गोष्टीलाही मागे टाकणार होती.

प्रमुख बाई स्वतः त्यांच्या टेबलाशी आल्या. वयाने त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण शब्दाच्या पक्क्या, उगाच कोणाची पाठ थोपटणाऱ्या नव्हेत. संग्रहाची मोठी सूची पुस्तकरूपाने छापायची ठरली होती. "टिटवी-सहाला आपण अख्खं पान देऊ," बाई म्हणाल्या, "आणि आतल्या पानावर तुमचं नाव, एकट्याचं." घरी बायकोने ही बातमी जिन्यातल्या चार बिऱ्हाडांना सांगितली. ठमीने फोनवर सांगितलं, "बाबा, मी येणार. पुस्तक छापखान्यात जाईल त्या दिवशी मी तुमच्याबरोबर असणार. गुरुवारचं तिकीट काढतेय."

पाचवा फोटो टेबलावर होता. फोन ठेवून शेपटीवाल्यांनी पुठ्ठा घेतला, विमानाला लावलेल्या जिन्यावरची माणसं झाकली आणि भिंग पुढच्या दारावर आणलं. दार उघडं होतं.

विमानाच्या अशा दाराची बिजागरी पुढच्या कडेला असते. मग उडताना समोरून येणारा वारा दाराला मिटलेलंच ठेवतो. बिजागरी मागे असली तर जरा फट पडली की वारा आत शिरून दार उपटून नेईल. हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी साहेब जिन्यात आले, घाई झाली, आणि 'पुढच्या कडेला' लिहायच्या ऐवजी हातून 'मागच्या कडेला' लिहिलं गेलं. ती लिहिण्यातली चूक होती. कोणताही कारखाना असं दार करणार नाही.

फोटोतलं दार मागच्या कडेच्या बिजागरीवर उघडलं होतं.

शेपटीवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. पलीकडचं यंत्र बंद होतं, स्कॅनवाला जेवायला गेला होता. शांततेत कुठूनतरी बारीक शीळ येत होती. खिडकीची फट असेल म्हणून त्यांनी खिडकी दाबून बघितली. मग एकेका कपाटाला कान लावत गेले. आवाज 'अनोळखी' खणातून येत होता. त्यांनी खण ओढला तेव्हा शीळ थांबली. आत काहीही नव्हतं, खाली अंथरलेला पिवळा कागद तेवढा होता.

५

त्या दिवशी त्यांनी एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. पुठ्ठा उचलला आणि माणसं बघितली.

जिन्यावर नऊ जण होते. हातात बॅगा, अंगात साधे कपडे. सगळे चढत होते. सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि सगळ्यांच्या बुटांच्या टाचा. यात काय विशेष, ते स्वतःशी म्हणाले, विमान सुटायच्या आधीचा फोटो आहे. मग त्यांनी बाकीचे चार काढले. आगीच्या बंबामागे, पार तिकडे, जिना होता; पुठ्ठ्याखाली गेल्यामुळे तो त्यांनी तेव्हा बघितलाच नव्हता. भिंगातून मुंगीएवढी माणसं दिसली. तीही चढत होती. पाचही फोटोंतल्या जिन्यांवर मिळून त्यांनी त्रेसष्ट माणसं मोजली. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. एकही माणूस उतरत नव्हता.

दुसऱ्या कपाटातून त्यांनी भराभर पन्नास फोटो उपसले, कुठलीही विमानं. त्यांत लोक चढत होते, उतरत होते, उतरताना हात हलवत होते, जिन्याशी गळ्यात पडत होते. किती चेहरे होते, आणि ते सगळे एकतीस वर्षं पुठ्ठ्याखाली होते.

योगायोग म्हणायलाही एक मर्यादा असते. गुरुवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी कचेरीत आले आणि गुलाबी चिठ्ठी भरायला बसले. तीन ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला. 'टिटवी-सहा ही नोंद मी खोटी केली. असं विमान कधीही अस्तित्वात नव्हतं. नोंद रद्द करावी.' सही करताना कान तापले. पण चिठ्ठी प्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवली आणि छातीवरचा दगड खाली ठेवल्यासारखं झालं.

बाईंनी ती दोनदा वाचली. "आणि हे पाच फोटो?"

"ते कशाचे आहेत मला माहीत नाही," शेपटीवाले म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

बाईंनी चिठ्ठी समोर ठेवून घेतली. "तीन वाजता छापखान्याचा माणूस येतोय. त्याच्यासमोर सही करते आणि पान काढून टाकते." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सोपं नव्हतं हे. मला तुमचा अभिमान वाटतो."

टेबलाकडे परत जाताना शेपटीवाल्यांना वाटलं, किटलीच्या गोष्टीपेक्षा हे वाक्य कितीतरी मोठं आहे. आज संध्याकाळी ठमीलाही सगळं सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं.

६

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. ठमीने धाडलेला फोटो, प्रवाशांच्या खोलीच्या काचेतून काढलेला. 'ऐनवेळी विमान बदललंय. जुनाट दिसतंय, पण ऐसपैस आहे. ओळखा.'

इथे त्यांची सवय त्यांना नडली. दुसरा कोणी असता तर त्याने एका नजरेत अख्खा फोटो बघितला असता. शेपटीवाल्यांनी फोन टेबलावर आडवा ठेवला, पुठ्ठ्याने जिना झाकला, भिंग काढलं आणि शेपटीपासून सुरुवात केली. काचेवर उजेड पडला होता म्हणून पडदा इकडून तिकडून तिरका करून बघितला. शेपटीत इंजिन. पंखांखाली दोन. एक, दोन, तीन खिडक्या, चार, पाच, सहा. सात. पत्रा.

त्यांनी घड्याळ बघितलं. सात मिनिटं गेली होती. फोन लावायला हात पुढे केला तेवढ्यात तो पुन्हा वाजला.

'बसले एकदाची. आणि गंमत ऐका. खिडकीची सीट मागून घेतली, तर माझ्याच सीटला खिडकी नाही. पुढच्याला आहे, मागच्याला आहे, माझ्या शेजारी नुसता पत्रा. फोन बंद करायला सांगतायत. नाव सांगा हं, नाहीतर उतरणार नाही.'

त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. खुर्ची मागे पडली ती त्यांनी उचलली नाही.

काय करायचं? विमानतळाला फोन करून सांगायचं, की ते विमान नाहीच आहे? कोणाला, आणि कोणत्या तोंडाने? आणि तेवढ्यात त्यांना गुलाबी चिठ्ठी आठवली. असं विमान कधीही अस्तित्वात नव्हतं, हे त्यांच्या अक्षरात, त्यांच्या सहीनिशी बाईंच्या टेबलावर पडलं होतं. तीन वाजता त्यावर दुसरी सही होणार होती. ते विमान त्यांनी लिहिलं म्हणून उडत होतं. तीन वाजता ते नव्हतंच असं ठरणार, आणि तीन वाजता ठमी ढगांच्या वर, पत्र्याशेजारी बसलेली असणार.

वेडेपणा आहे, त्यांचं डोकं म्हणालं. पाय मात्र तोवर दाराबाहेर पोचले होते.

७

प्रमुख बाईंच्या खोलीत छापखान्याचा माणूस लवकरच येऊन बसला होता. टेबलावर चिठ्ठी, बाईंच्या हातात उघडलेलं पेन.

"थांबा," शेपटीवाले म्हणाले. "ती परत द्या."

"काय झालं?"

"मी सकाळी लिहिलं ते खोटं आहे. विमान आहे. टिटवी-सहा. ओळख पक्की."

बाईंनी पेन खाली ठेवलं नाही. "सकाळी म्हणालात नोंद खोटी. आता म्हणताय कबुली खोटी. यातलं खरं काय मानायचं मी?"

"सकाळी डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

"की आतल्या पानावरचं नाव जातंय म्हणून आता आलंय ठिकाणावर?"

छापखान्याचा माणूस छताकडे बघायला लागला. शेपटीवाल्यांना सांगता आलं असतं, की माझी मुलगी त्या विमानात आहे. पण मग बाईंनी त्यांना पाणी दिलं असतं, खुर्चीत बसवलं असतं, बायकोला फोन केला असता आणि चिठ्ठीवर सही केली असती. त्यांनी मान ताठ केली. म्हातारा, पोकळ, नावासाठी हपापलेला माणूस जसा दिसेल तसे ते दिसले, आणि ते त्यांना माहीत होतं.

"एकतीस वर्षांत माझं एक नाव चुकलेलं नाही, बाई. हेही चुकलेलं नाही. पुस्तकात जाऊ द्या."

बाईंनी चिठ्ठी दोन बोटांनी टेबलावरून सरकवली. "घ्या. नाव तुमचं, अब्रूही तुमची. सकाळी मला तुमचा अभिमान वाटला होता."

'होता' हा शब्द त्यांना जिना उतरताना प्रत्येक पायरीवर ऐकू आला. चिठ्ठी त्यांनी घडी करून पुठ्ठ्यामागे खिशात ठेवली. ती फाडायचा धीर त्यांना झाला नाही. फाडलेल्या कागदाने काय होतं हेही त्यांना आता माहीत नव्हतं.

८

सव्वापाचला विमान यायचं होतं. शेपटीवाले चार वाजताच विमानतळाच्या गच्चीवर जाऊन उभे राहिले. तोच कठडा, ज्याला टेकून ते ठमीला खांद्यावर घ्यायचे. ऊन अजून बरंच होतं. शेजारी थर्मास घेतलेल्या एक बाई कोणाला तरी न्यायला आल्या होत्या.

शेपटीवाले तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. टिटवी-सहा. तीन इंजिनं. आहे. होतं, आहे. एकोणीस वर्षं ज्या खोट्याकडे त्यांनी पाठ फिरवली होती, ते आता त्यांनी दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं. क्षणभर जरी शंका आली तरी वर काहीतरी निसटेल असं त्यांना वाटत होतं. म्हणून ते शंका घेत नव्हते. एवढ्या निष्ठेने त्यांनी खरी विमानंही कधी ओळखली नव्हती.

पाच वाजून चौदा मिनिटांनी शीळ ऐकू आली. खणातून आली होती तीच.

"अगबाई, हे कोणतं विमान?" थर्मासवाल्या बाई म्हणाल्या. "असलं कधी बघितलं नाही."

"टिटवी-सहा," शेपटीवाले म्हणाले. आवाज खणखणीत निघाला. "तुम्ही बघितलं नसणार. मी ओळखलंय ते."

विमान उतरलं, वळलं आणि डावं अंग गच्चीकडे करून थांबलं. सात खिडक्या, पत्रा, आठवी खिडकी. जिन्याची गाडी येऊन लागली. पुढचं दार मागच्या कडेवर उघडलं. शीळ थांबली.

कोणी बाहेर आलं नाही.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. जिन्याखाली उभा असलेला कामगार वर बघत होता, मग त्याने वर बघायचं बंद केलं आणि तो चालत निघून गेला. दारातून आतला काहीच भाग दिसत नव्हता. खिडक्यांच्या काचांमागे माणसं बसलेली असावीत, कारण प्रत्येक काचेत डोक्याएवढा काळोख होता आणि तो हलत नव्हता.

शेपटीवाल्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. पुठ्ठा बाहेर आला, डोळ्यापुढे गेला, जिना झाकायला निघाला. त्यांनी तो कठड्यावरून खाली टाकून दिला.

तेवढ्यात फोन वाजला.

'बाबा, अजून नाव नाही सांगितलंत. मी बसून आहे. सगळेच बसून आहेत.'

दुपारपासून ते धावत होते. चिठ्ठी परत घेतली, बाईंशी खोटं बोलले, अब्रू घालवली. पण ठमीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. नाव सांगा, मग उतरते. अट जुनी होती आणि ठमी अटीची पक्की होती.

त्यांनी एकही अक्षर गाळलं नाही. 'टिटवी-सहा.' मग थोडं थांबले. दोन चौकोनांपैकी कोणता, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मनाशी ठरवावं लागलं. त्यांनी पुढे लिहिलं, 'ओळख पक्की.'

संदेश गेला. त्यांनी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. शेपटीकडे बघितलं नाही, इंजिनांकडे बघितलं नाही. ते फक्त दाराकडे बघत राहिले.

दाराच्या उंबऱ्यावर एक बूट आला. एवढ्या लांबून कोणाचा ते कळत नव्हतं. पण टाच दिसत नव्हती. बुटाचं टोक पुढे होतं, जिन्याच्या पहिल्या पायरीकडे.